देवाचा पाट आणि दहा हजार फूट

६ जानेवारी, सकाळी ७
आज सकाळी पूजा झाल्यावर देव अलगद ताटात ठेवले, त्यांच्या पाटावर दोन्ही पाय ठेवून उभा राहिलो आणि हात पसरले. तोल छान राहिला. देवाची क्षमा मागितली. मोठ्या कामासाठी घेतलेल्या वस्तूचा देवाला राग येत नाही.

कारण लिहून ठेवतो. काल थोरल्याच्या, दिग्विजयच्या, मोबाइलवर स्कायसर्फिंग पाहिले. दहा हजार फुटांवर विमानातून उडी. पायांना फळी बांधलेली. हवेत गिरक्या घ्यायच्या, मग पॅराशूट. अंगावर काटा आला.

येत्या श्रावणात पन्नास पूर्ण. दूध संस्थेच्या निवडणुकीला तीनदा अर्ज भरला, तिन्ही वेळा गावाच्या एकोप्यासाठी मागे घेतला. आता या खेळाचा तालुक्यातला पहिला अध्यक्ष व्हायचे. माघार नाही. देवासमोर बोललो.

देवाला उद्या बारामतीहून नवीन पाट आणणार.

८ जानेवारी
लोकप्रियतेचा अभ्यास. भवानीनगरला चहाच्या हॉटेलात विचारले. पाच जणांना खेळ माहीत. त्यातल्या चौघांना ती ड्रोनची फवारणी वाटली. पाचवा मी.

दिग्विजय म्हणतो, "तात्या, हा खेळ पंचवीस-तीस वर्षांमागं टीव्हीवर गाजला. मग स्पर्धाच बंद पडल्या. आता करणारी मान्सं बोटावर मोजण्याइतकी हायती."
म्हणजे चढाओढ नाही. भविष्य उज्ज्वल.

बारामतीला जाणे झाले नाही.

११ जानेवारी
स्कायसर्फिंग मंडळाची पहिली सभा, मारुतीच्या पारावर. अकरा सभासद. आपल्याकडच्या रीतीने आधी पदे, मग काम. मी अध्यक्ष, बिनविरोध. दूध संस्थेचे सचिव मानसिंगराव इथेही सचिव.

सुरक्षेचा विषय मी पोटतिडकीने मांडला. फळी वेळेवर पायातून सुटली नाही तर माणूस भोवऱ्यासारखा गरगरतो, पॅराशूट गुंतते. सभा एकदम गंभीर झाली. जागेवरच सुरक्षा समिती नेमली. उरलेले नऊच्या नऊ जण तिच्यात गेले. सर्वांनी जमिनीवर थांबून वाटेल ते काम करायची तयारी दाखवली.

मानसिंगराव म्हणाले, "समदी खालीच थांबली, तर वर कोण जाणार?"
उडी मारणाऱ्या सभासदाचे पद रिक्त. त्याचा अतिरिक्त कार्यभार अध्यक्षांकडे देण्याचा ठराव एकमताने मंजूर. मीही टाळ्या वाजवल्या. घरी येताना लक्षात आले.

१२ जानेवारी
विमान, पॅराशूट, परवाना हे टप्प्याटप्प्याने. पहिला टप्पा २६ जानेवारीला, झेंडावंदनानंतर, शाळेच्या मैदानावर. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून उसाच्या पाचटाच्या ढिगावर उडी. उंची नऊ फूट. दहा हजारांतले नऊ तर इथेच कमी झाले.

सौ. विजयमाला म्हणाली, "माघार घ्यायची आसंल तर आत्ताच घ्या. समद्या गावाफुडं नगं." मी नुसता हसलो. मग म्हणाली, "आन् देव सा दिस झालं ताटात हायती. जेवाय बसल्यावानी दिसत्यात."
पाट उद्या नक्की.

१७ जानेवारी
ओट्यावरून सराव. ओटा दीड फूट. घोट्यात कळ आली, म्हणून पुढचा सराव मनातच. चिंतन हाही सरावच. माळ ओढताना पाच उड्या मारल्या. पाचही सुरेख.

२२ जानेवारी
पाट पायाला बांधायला सुरगाठ निवडली. एक टोक ओढले की सुटते. इतकी साधी गोष्ट परदेशात कुणाला सुचली नाही, याचे वाईट वाटते.

ट्रॉली पाहून आलो. खालून लहान वाटते.

बारामतीला गेलो होतो. दोरी आणली. पाट राहिला.

२५ जानेवारी
सुरक्षा समितीची सभा. ढीग दोन फूट वाढवला, म्हणजे तेवढे अंतर कमी. सूचना माझीच. आणखी वाढवता येईल का, विचारले. पाचट संपले.

२६ जानेवारी, दुपारी ३
झेंडावंदन झाले. सगळा गाव मैदानावर. ट्रॉलीवर चढलो, पाट बांधून घेतला. वरून ढीग फार पिवळा आणि फार लांब दिसला. मानसिंगरावांनी माइकवर तीन, दोन, एक म्हटले. थोड्या वेळाने पुन्हा म्हटले. शेजारची आक्काबाई ओरडली, "भीमराव, मारा की! माझी भाकर तव्यावर हाय!"

मी देवाचे नाव घेतले आणि मानसिंगरावांकडे कागद मागितला. गुडघ्यावर धरून लिहिले, वैयक्तिक कारणास्तव माघार घेत आहे. अक्षर चांगले आले. हाताला सवय आहे.
मानसिंगराव म्हणाले, "तारीख घाला. मागच्या टायमाला बी ऱ्हायली हुती."

देवासमोर बोललो होतो हे खरे. पण तेव्हा देव ताटात होते, पाटावर नव्हते. असे बोलणे कितपत धरावे, हा प्रश्नच आहे.

सुरगाठ ओढली. ती आवळली. शेवटी सुरक्षा समितीच्या नऊ जणांनी मला पाटासकट उचलून खाली ठेवले. समितीचे काम उत्तम. सुरक्षेची चिंता मिटली.

विजयमाला पुढे आली, विळ्याने दोरी कापली. मला वाटले, आता बोलेल. ती म्हणाली, "आना तो पाट."

घरी येऊन पाट तीनदा धुतला, उन्हात वाळवला आणि देव त्यावर बसवले. देवाला पाट द्यायचा हे वीस दिवस ठरत होते. आज दिला.