तिळाने बाजू बदलली

आदरणीय मामा,

सप्रेम जयभीम. मामींचा खोकला कसा आहे? धर्माबादेत मिरचीची आवक वाढली की ते बाजाराआधी मामींना कळतं, असं तुम्हीच म्हणता. आता आवक ओसरली असेल, तर खोकलाही ओसरला असेल अशा आशेवर आहे. इकडे लातुरात मी बरी आहे.

आधी एक दुरुस्ती. प्रदर्शनात सगळ्यांत जास्त गर्दी माझ्या चित्रापुढे होती, असं मी मागच्या पत्रात लिहिलं. गर्दी होती हे खरं, पण शेजारी कूलर होता हे लिहायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी कूलर हलवला आणि गर्दीही त्याच्यासोबत गेली.

चित्र म्हणजे मुद्राचित्र: लिनो नावाच्या रबरासारख्या मऊ तुकड्यावर कोरायचं, शाई फिरवायची, कागद दाबायचा. विषय, चित्रं बघणारी माणसं. चित्रापुढे माणसं नेमकं काय करतात, याचं मला फार कुतूहल. माझ्या चित्रात एक बाई पदराने काच पुसतात, एक जण खिळा हलवून बघतो, आणि मधोमध टक्कल, चष्मा आणि गालावर तीळ असलेले एक गृहस्थ चित्राकडे पाठ करून चित्र समजावून सांगतात. समोर एक लहान पोरगी तोंड उघडं टाकून ऐकते.

घोटाळा असा, की छापताना डावं उजवीकडे जातं. खालची अक्षरं मी आरशात बघून उलटी कोरली (चार वेळा तपासली), पण तीळ विसरले. उजव्या गालाचा तीळ डाव्या गालावर आला. आणि डाव्या गालावर तीळ कुणाला, तर ज्यांच्या सभागृहात प्रदर्शन आहे त्या बसलिंगप्पा काकांना! टक्कल आणि चष्मा त्यांना आधीपासूनच आहे. ते चित्रापुढे थांबले तेव्हा माझे हातपाय गार पडले (कूलर तेव्हा तिथे नव्हता).

"पोरी, हा मीच न्हवं का?"

मी सरळच असलेली चौकट सरळ करू लागले.

"लाजू नको. लई झकास काढलीस! घरात माझं कुणी ऐकत न्हाई. ही पोरगी बघ कशी ऐकायली!"

तेव्हापासून ते रोज कुणाला तरी घेऊन येतात, चित्राकडे पाठ करून उभे राहतात आणि चित्र समजावून सांगतात. काल औशाहून त्यांच्या भावजय रुद्राणीबाई आल्या होत्या. त्या शेवटी म्हणाल्या, "भावजी, जरा सरका, चित्र दिसंना." आता काकांना ते सभागृहात कायमचं लावायचं आहे, खाली स्वतःच्या नावाची पितळी पाटी ठोकून. मी खूश व्हायला हवं. पण घास गोड लागत नाही.

तुमची भाची,
लुंबिनी

ता. क. ते गृहस्थ तुम्ही आहात. पोरगी मी. शाळेत घालण्याआधी तुम्ही मला भिंतीवरचं अजिंठ्याचं कॅलेंडर असंच, त्याच्याकडे पाठ करून शिकवलंत. मी चेष्टा म्हणून कोरायला घेतलं. पण पोरीचे डोळे कोरताना हात थांबला: मी चित्र बघत होते, तेव्हा तुम्ही मला बघत होतात का?

ता. क. दुसरा. काकांना खरं सांगायला तुमची परवानगी हवी, आणि जमलं तर तुमचा गालही. शेजारी उभे राहिलात तर मला फार बोलावं लागणार नाही. (कृपा करून चित्राकडे तोंड करून उभे राहा.) काकांना वाईट वाटेल, म्हणून त्यांचं वेगळं चित्र कोरायला घेतलंय. त्यात ऐकणारे अकरा जण आहेत. पाटी रविवारी लागणार. तुम्ही आलात किंवा न आलात, मी त्यांना सांगणार आहे शनिवारी, तेवीस मे रोजी.