तीन नंबरचा वळसा

३ सप्टें.
नकाशा झाला एकदाचा. तिन्ही बदकं, तीन रंग. गेल्या हिवाळ्यात आपणच इथे काशीत पाठीवर ट्रान्समीटर बांधून सोडलेल्या माद्या. १ नं. आणि २ नं. हिमालय ओलांडून लवकरच थांबल्या. ३ नं. मात्र सायबेरियाच्या ईशान्य टोकापर्यंत! आणि गेली तीही केवढा वळसा घेऊन. आधी उत्तरेला, मग हळूहळू उजवीकडे. माझं चौथं प्रकरण म्हणजे हा वळसाच. २० ला सेमिनार. तो पार पडला की प्रबंध जमा.

९ सप्टें.
गाईड सरांनी विचारलं, प्रोजेक्शन कुठलं घेतलंस? म्हटलं, जे सॉफ्टवेअर आपसूक देतं ते, शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशासारखं. सर म्हणाले, उत्तरेकडची जमीन त्यात फुगते, दुसरं बघ.
दिवसभर बघितली. एकात क्षेत्रफळ बरोबर तर दिशा चुकते, दुसऱ्यात उलटं. गोल पृथ्वी सपाट करायची म्हणजे कुठेतरी खोटं बोलणं आलंच.

१४ सप्टें.
बाबा घटस्थापनेची तयारी करत बसलेले. रामघाटावरच्या अर्ध्या घरांचे कलश त्यांच्याच हातचे. मी शेजारी लॅपटॉप घेऊन कुरकुरत. त्यांनी नारळावर कुंकवाचे दोन ठिपके लावायला सांगितले : हे काशी, हे तुझं बदकाचं गाव. मग कलशाचं सूत दोन्हींवर धरून ताणलं. मी सूत नकाशातल्या सरळ रेघेप्रमाणे खाली ओढत होते, ते घसरून पुन्हा वर जाई.
"अगं, सैल सूत कुठंही बसतं. ताणलं की ते आपली जवळची वाट आपणच धरतं. कलश बांधताना रोज बघतो मी."
सूत आधी उत्तरेला गेलं होतं, मग उजवीकडे. लॅपटॉपवरची ३ नं.ची वाट पुन्हा बघितली. तशीच.

१५ सप्टें.
सकाळी गणित केलं. दोनदा. वळसा नाहीच. ३ नं. जवळजवळ नाकासमोर गेली. वाकडी होती ती माझ्या नकाशातली वाट. भूगोलाची एम.ए. असून ही चूक!
आधी रडले. मग आईने विचारलं, कोण वारलं? म्हटलं, चौथं प्रकरण. तेव्हा हसूच फुटलं दोघींना.

१७ सप्टें.
सरांना सांगितलं. रागावले नाहीत, पण चहा गार होऊ दिला. नवा नकाशा : मधोमध काशी, इथून निघालेली प्रत्येक सरळ वाट सरळच दिसते, क्षेत्रफळंही खरी. फक्त कडेचे देश दबतात. सरांची शंका वेगळीच. "बनारस को दुनिया के बीच में रख दिया? लोग हँसेंगे।" मार्गाच्या मध्यावर केंद्र घे म्हणाले. मग आकार कमी दबतात, पण ३ नं.ची सोडून काशीहून निघालेल्या बाकी वाटा थोड्या वाकतात.
बाबांना विचारलं, तर त्यांना यात विचारण्यासारखं काही वाटलंच नाही. काशी मधोमध नाही तर काय पाटणा?
काशीच ठेवली. खाली कारण लिहिलं.

२० सप्टें.
सेमिनार. पहिल्याच वाक्यात चूक कबूल केली. मागच्या बाकांवर कुजबुज. बाहेरून आलेले म्हातारे परीक्षक चष्मा पुसत म्हणाले, "मोड़ गया, तो खोज क्या बची?" वळसाच नाही, तर शोध कसला.
म्हटलं, "सर, इतनी दूर, और सीधी। रास्ता किसने बताया, यही नहीं मालूम।"
त्यांनी नकाशातल्या रेघेवरून बोट फिरवलं. निकाल असा : एका फेरीवरून "सरळ" म्हणता येत नाही. परतीचा प्रवास येऊ दे, मग जमा कर.

१९ ऑक्टो.
१ नं. आणि २ नं. परत आल्या. ३ नं.च्या ट्रान्समीटरने पाठवलेले शेवटचे तीन ठिपके अजून मंगोलियात, आणि ते माझ्या रेघेच्या चांगलेच डावीकडे आहेत. वारा असेल. तळं सापडलं असेल. किंवा यंदा बाईंनी खरंच वळसा घ्यायचं ठरवलंय. मला तोंडावर पाडायला ती एकटी पुरे, पण हाती काही असो नसो, आज तिचा ठिपका हलला याचाच आनंद झाला. पुढचा ठिपका उद्या दुपारी.