सुमीचे हलव्याचे दागिने

१ सप्टेंबर
ह्यांच्या डायरीत लिहायला घेतलंय. ऑफिसातून मिळालेली. नऊ मेपर्यंत ह्यांचं अक्षर. कुठल्या गावाला टँकर गेला, कुठली विहीर आटली, एवढंच. पुढं पानं कोरी. नवा जिल्हा झाला तेव्हा उस्मानाबादहून हौसेनं बदली मागून इकडं आले. म्हणाले, ऑफिस आता घरापाशी, दुपारी जेवायला येत जाईन. चार वर्षं आले. दहा मेला आले नाहीत, खुर्चीतच गेले. कागद वाया जाऊ नये म्हणून लिहितेय, असं स्वतःला सांगितलं.

पोळा जवळ आला. पोरं सकाळीच दारात. "काकू, बैलं?" सगळ्या गल्लीचे मातीचे बैल दर वर्षी मीच करते. तळं कोरडं, त्यामुळं माती मात्र हवी तेवढी. भिजवायला पाणी घालताना जिवावर आलं. नळ आठ दिवसांनी येतो. शेवटी लुगडं धुतलेलं पाणी वापरलं. बैलाला काय कळतंय.

नऊ जोड्या झाल्या. चार महिन्यांनी बोटं चालली. बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून रडू आलं.

९ सप्टेंबर
महालक्ष्म्या तोंडावर. आमच्याकडे वर्षाच्या आत सण नाही, मुखवटे पेटीतच. ते ठीक. पण शेजारच्या शांताक्कांच्या महालक्ष्म्यांची कापसाची वस्त्रं वीस वर्षं माझ्या हातची. कापूस पिंजून, मणी वळून, कुंकवाची बोटं लावून. यंदाही कापूस पिंजून ठेवला होता.

शांताक्का आल्या. मला वाटलं, वस्त्रांचं विचारायला. "वैनी, जरा कैची देता का? वस्त्रं औंदा गोलाईच्या बाजारातनं तयारच आनली. तुमाला कशाला तरास." नजर खाली.

कैची दिली. वर धार लावून दिली. मूर्ख मी.

मग लक्षात आलं. पोरांना बैल चालले, कारण विधवा म्हणजे काय ते पोरांना अजून ठाऊक नाही.

१३ सप्टेंबर
राग जात नाही. हात तेच, कापूस तोच. हे गेले त्यात माझ्या बोटांचं काय चुकलं?

शांताक्कांकडून पुरणाचं ताट आलं, मागच्या दारानं. खाल्लं. कटाची आमटी चांगली झाली होती.

६ नोव्हेंबर
दिवाळी झाली म्हणायची. पाडव्याला अंगणात शेणाचे पांडव करायचे तर शेण कुठलं? गल्लीतली जनावरं गेली छावणीला. एरवी दोन टोपली शेण नुसतं गवळणींनाच लागायचं मला. सुमी लहान असताना पेंद्याचं पोट एवढं मोठं करायची की तो वाळताना फुटायचा.

आज जावई आले निलंग्याहून. एकटेच. दोन गोष्टी सांगितल्या. सुमीला दिवस राहिलेत. ऐकून मी उठून उगाच चहाचं आधण दोनदा ठेवलं. दुसरी गोष्ट त्यांनी चहा संपेपर्यंत धरून ठेवली.

"आई, ते संक्रांतीच्या दागिन्याचं... तुमी करू नका म्हनून निरोप हाय. आमी दुकानातनं घेऊ. घरात तसं ठरलंय."

कुणी ठरवलं ते विचारलं नाही. विचारायचंय काय त्यात? विहीणबाईंचा चेहरा समोर आला. लग्नात मांडवाच्या आंब्याच्या डहाळ्यासुद्धा मोजून घेतल्या होत्या त्या बाईनं.

लेकीच्या पहिल्या संक्रांतीला काळी साडी आणि हलव्याचे दागिने माहेराहून जातात. या गल्लीतल्या अकरा लेकींचे मी केले. प्रत्येकीचे करताना मनात एकच, सुमीचे याहून चांगले करीन. सुमी माझी एकुलती एक. आता तिच्या अंगावर दुकानातला हलवा, गारगोटीसारखा.

जावयांना हसून म्हटलं, बरं बरं. ते गेल्यावर परात भिंतीवर आपटली. पोचा आलाय.

२१ नोव्हेंबर
शांताक्का दुपारी आल्या. त्यांना कुणीतरी सांगितलंय. पदराला गाठी मारत बसल्या बराच वेळ. मग एकदम, "वैनी, तुमी करा. मी माझ्या नावानं निलंग्याला घेऊन जाते. कोनाला कळनार हाय?"

मी म्हटलं, माझ्या हातची वस्त्रं तुमच्या महालक्ष्म्यांना चालली नाहीत, आणि माझ्या लेकीला दागिने चालतील?

रडायला लागल्या. "चुकलं माजं. सासूबाई बोलल्या, मी गप बसले. तुमी कैचीला धार लावून दिली, तवाच मेल्यावानी झालं मला."

मी रात्रीपुरता विचार करते म्हटलं. खरं तर त्या उंबऱ्याबाहेर पडायच्या आत ठरलं होतं.

१८ डिसेंबर
आज हलवा करायला धरला. पहाटेच शेगडी पेटवली, निखाऱ्यावर राख, त्यावर पोचा आलेली परात. खसखस, तीळ, साबुदाणा वेगवेगळे. एक चमचा पाक सोडायचा आणि बोटांनी फिरवत राहायचं, वाळेपर्यंत. मग पुन्हा एक चमचा. घाई केली की गोळा. बोटं भाजतात, भाजू द्यायची. पळीनं केलेल्या हलव्याला काटा येत नाही.

दार लावून घेतलंय. पोरं विचारतात, काकू काय करून राहिल्या. डोकं दुखतंय म्हणून सांगते.

३० डिसेंबर
येळवस, वेळा अमावस्या. गाव रिकामं. सगळे शेतावर गेले आंबील-भज्जी घेऊन. ज्वारी गुडघ्याएवढीसुद्धा नाही, शेतात मांडलेल्या पांडवांवर खोप करायला कडबा कुठला? शांताक्का सांगत होत्या, औंदा लोक पांडवांवर जुन्या साड्यांची खोप करणार आहेत. मला चला म्हणाल्या. गेले नाही.

गल्लीत मी एकटी, म्हणून आज दार उघडं ठेवून बसले. उजेडात परात पाहिली. काटा असा आलाय की आजवर कधी आला नव्हता. दाणा न् दाणा चांदण्यासारखा. हवा कोरडी ठाक ना यंदा, ओलाव्याचं नाव नाही. दुष्काळानं एवढं एक चांगलं दिलं. ह्यांना दाखवायला उठणारच होते.

८ जानेवारी
ह्यांची डायरी संपली. मागं टिपणांची पानं आहेत, ती वापरते.

बिंदी, बाजूबंद, कंबरपट्टा, बांगड्या, जोडवी, वेणी झाली. काळ्या खणावर ओळीनं ठेवलेत. मंगळसूत्र तेवढं राहिलं होतं. ते मी ओवावं की नाही, चार दिवस ठरेना.

काल शांताक्कांना बोलावून म्हटलं, हे एवढं तुम्ही ओवा. बिचारीनं ओवलं. वाट्या तिरक्या, मध्ये दोरा दिसतोय, एक बाजू दोन बोटं लांब. गाईच्या गळ्यातसुद्धा कुणी बांधणार नाही. बरं झालं म्हटलं त्यांना.

आज दुपारी ते उसवलं. सगळं नव्यानं ओवलं, मीच. गाठ मारताना क्षणभर थांबले. मग मारली.

शांताक्कांना सांगितलेलं नाही.

१६ जानेवारी
शांताक्का निलंग्याहून आल्या. एसटीत डबा मांडीवरून खाली ठेवला नाही म्हणे. सुमी काळ्या साडीत "लई गोड दिसून राहिली होती." सगळं घातलं. विहीणबाईंनी स्वतः मंगळसूत्र बांधलं, पन्नास बायकांत फिरवून दाखवलं. मला हुंदका आणि हसू एकदमच आलं. ज्या बाईला माझा हात नको, तिनंच तो लेकीच्या गळ्यात बांधला.

मंगळसूत्र उसवून मीच ओवलं होतं, हे आज सांगितलं, तशा शांताक्का पांढऱ्या पडल्या. "तुमी ते पुन्ना ओवलं, वैनी?" मग थोड्या वेळानं सावरल्या, आणि तिथल्या बायकांनी त्यांचा हात धरून कसं कौतुक केलं ते सांगत बसल्या. सांगता सांगता दोन-तीनदा "मी केलेला हलवा" असं म्हणून गेल्या. मी ऐकून घेतलं. कौतुक कुणाच्या का दारी असेना, माझंच होतं.

आज झोप लागेल.

५ फेब्रुवारी
सुमीचं आंतर्देशीय पत्र. चौथा सरून पाचवा अर्धा झाला. आंबट खावंसं वाटतं. "शांतामावशींना नमस्कार सांग, त्यांचे दागिने सगळ्यांना फार आवडले." एवढंच. सुमीनं हात ओळखला नाही. जन्मभर शेजारी बसून पाहिलाय तिनं. की ओळखला आणि कुणाच्या हाती पत्र पडेल म्हणून लिहिलं नाही? तसंच असेल.

२४ मार्च
सुमी आली. जावई आणि विहीणबाई जीप करून घेऊन आले, हळूहळू चालवत. परवा तिच्या अंगावरून थोडं गेलं. डॉक्टरीण म्हणते मूल ठीक आहे, पण महिनाभर पाठ टेकून राहायचं. मोठं इस्पितळ इथं, म्हणून इथं ठेवायचं ठरलं.

पलंगाच्या पायथ्याला विटा दिल्या. विहीणबाई जाताना म्हणाल्या, "तुमच्यापाशी हाय म्हनून मला घोर न्हाई." मी नीट उत्तरही दिलं नाही. मनात दागिनेच.

२७ मार्च
लिहू की नको. लिहिते.

दुपारी सुमीच्या पायाला तेल लावत होते. ती छताकडं बघत म्हणाली, "आई, एक सांगू? रागवू नको. संक्रांतीच्या दागिन्याचा निरोप माझा होता. सासूबाई तर म्हणत होत्या, आईच्या हातचं कशाला नाकारायचं. मलाच भ्या वाटलं. बाबांचं तसं झालेलं, आन् पोटात हे."

मी तेल लावत राहिले.

"मावशीनं केले म्हनून मी घातले. आता बघ, तरी असं झालं. तुझ्या हातचे घातले असते आन् मग झालं असतं, तर मी तुझं तोंड तरी बघू शकले असते का? बरं झालं, आई. तुझ्यासाठीच बरं झालं."

तिला वाटलं, मला राग आला. दुसरा पाय पुढं केला.

पाच महिने मी विहीणबाईंना शिव्या मोजल्या. त्या तर घ्यायला तयार होत्या. नको म्हणणारी माझ्याच पोटची. आणि तिनं नको म्हटलेलं मी दुसऱ्याच्या नावानं तिच्या गळ्यात घातलं. वर जिंकले म्हणून झोपले.

३० मार्च
पाडवा. सुमीच्या उशाशी साखरेची गाठी ठेवली, बाजारची. मुद्दाम बाजारची.

शांताक्कांना सांगितलं सगळं. त्या पायाच पडल्या. "तिला सांगू नका, वैनी. या दिवसांत न्हाई. पोरगी हाय खाईल." जाता जाता दारात थांबून म्हणाल्या, "मंगळसूत्र तरी माजं ऱ्हाऊ द्यायचं होतं." म्हणजे त्यांच्याही मनात आहे.

मी मानत नाही. डॉक्टरणीनं कारण सांगितलंय, सुमीचं रक्त कमी आहे, निम्म्या बायकांचं असतं दुष्काळात. मी मानत नाही. तरी काल तिच्या अंगावर पांघरूण घालताना हात पोटापाशी आला आणि मी मागं घेतला. माझा मीच. कुणी सांगितलं नव्हतं.

सांगितलं तर तिला जन्मभर माझ्याकडं बघताना तेच दिसेल. नाही सांगितलं तर ती शांताक्कांचा हात शुभ आणि माझा अशुभ धरून चालेल, आणि मी तिला तसं चालू देईन. दोन्हींतलं कुठलं आईनं करायचं असतं?

४ एप्रिल
आज अंगावरून काही गेलं नाही. आठ दिवस झाले. सुमीला जरा रंग आलाय. सकाळी म्हणाली, "पुढच्या संक्रांतीला बाळाचं बोरन्हाण. शांतामावशीला आत्ताच सांगून ठेव, दागिने तिनंच करायचे." मी बरं म्हटलं. दुपारी सांगूनच टाकायचं असं ठरवून तिच्याजवळ जाऊन बसले. "सुमे, ऐक," एवढं म्हटलंसुद्धा.

तेवढ्यात तिनं माझा हात धरला आणि ओढून पोटावर ठेवला. "आई, बघ, बघ, हलून राहिलंय."

हलत होतं. तिनं डोळे मिटले, माझा हात सोडला. मी तसाच ठेवला. किती वेळ ठेवायचा ते कळेना.