लाहीचा पिंजरा

४ नोव्हेंबर, सोमवार

पोचलो! अर्जुनीला उतरलो तेव्हा कंबर कामातून गेली होती. हातात बॅग, डोक्यावर लोखंडी पिंजरा, जर्किनच्या आत लाही. बल्लारशाच्या पॅसेंजरमध्ये जो तो विचारून राहिला — पोपट आहे का, ससा आहे का. जर्किनची चेन खाली केली की सगळे गप. मुठीएवढी, पांढरी, नुसते दोन डोळे. पामेरियन आहे म्हटलं. एक म्हातारा म्हणे, मोठी कधी होणार? म्हटलं, होतच नाही बाबा.

दिवाळी हुकली. सेठने सोडलंच नाही, गेट-ग्रिलचं काम होतं. हैदराबादच्या घरमालकिणीने सांगून टाकलं, रूममध्ये कुत्रं राहील नाहीतर तू राहशील. म्हणून लाही इथं मायजवळ ठेवायची. दोन आठवडे सुट्टी आहे. तेवढ्यात तिला पिंजऱ्याची सवय लावायची अन् निघायचं.

पिंजरा मी स्वतः केला. दुकानातल्या उरलेल्या सळ्या, दाराला कडी, कोपरे घासून घासून गुळगुळीत. बाबूजीने पाहिला. वेल्डिंगकडे नजरच नाही. म्हणाले, "तुले कधी कोंडून ठेवलं नाही म्हनून तू पळाला. आता कुत्र्याले कोंडते का?"

पिंजरा पडवीत ठेवला. जेवलो.

५ नोव्हेंबर

गावात कुत्रीच नाहीत! आधी रात्री झोपू देत नव्हती. आता गल्ली कशी चूप. इथल्या प्रतापगडाच्या जंगलातून बिबट उतरला आहे, दसऱ्यापासून एकेक कुत्रं नेऊन राहिला. लोक सांज पडली की दार लावतात.

म्हणजे लाही पडवीत झोपू शकत नाही. घरातच पाहिजे. पण आमच्या घरात कुत्रं आलेलं नाही कधी, मायच्या देवाजवळ तर नाहीच. खूप झिकझिक झाली. शेवटी ठरलं — धानाच्या कोठीजवळ, पिंजऱ्यात, दार लावून. मोकळी नाही फिरायची. अन् रात्री रडली तर पडवीत.

पडवीत म्हणजे काय ते बाबूजीलाही माहीत आहे, मलाही.

६ नोव्हेंबर

रडली. माझ्या खाटेचा एक पाय पिंजऱ्याला लावून झोपलो तरी रडली. बाबूजी नुसते खोकलत राहिले.

७ नोव्हेंबर

बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या पाळीवर चढलं की रेंज येते. तिथं बसून व्हिडिओ पाहिले. सगळं चुकून राहिलो! पहिल्याच दिवशी दार लावायचं नसतं म्हणे. दार उघडं ठेवायचं. आत खाऊ ठेवायचा. ती स्वतः गेली पाहिजे, स्वतः आली पाहिजे. रागावून कोंडायचं तर कधीच नाही. अन् रडत असताना काढायचं नाही, गप झाली की काढायचं. नाहीतर तिला कळते, रडलं की दार उघडते.

घरी आलो तर माय तिला पदरात घेऊन बसली होती! काऊन काढली म्हटलं. म्हणे, लेकरावाणी रडून राहिली होती, मी काय कसाई आहो? मग व्हिडिओतलं सगळं मायला समजावलं. तिने ऐकलं अन् विचारलं, हे सांगणाऱ्या बाईले पोरं हायेत का?

८ नोव्हेंबर

दूध-भात आत ठेवला. मान आत, ढुंगण बाहेर. तसंच खाल्लं. भात संपला की पळाली.

मी एका जागी असा कधी बसलो नाही. शाळेत नाही बसलो म्हणून तर नववीत सुटली. सुरतला तीन महिने, नागपूरला त्याहून कमी. हैदराबादला टिकलो कारण वेल्डिंग करताना हात चालू राहतात. इथं काय, पिंजऱ्यासमोर बसा, अन् कुत्र्याकडे पाहायचंही नाही! पाहिलं की येते. पाय नुसते हलून राहतात माझे.

१० नोव्हेंबर, रविवार

मायने जुनं लुगडं दिलं. पिंजऱ्यावर टाकलं, अंधार झाला आत. गेली! गोल फिरली, बसली. हातात शेंगदाणे घेऊन मी हळूच म्हटलं — घर. दाणा दिला. पुन्हा घर. पुन्हा दाणा. एवढंच करून राहिलो दिवसभर. दार लावलं, मनात गाणं म्हटलं, गाणं संपलं की उघडलं.

रात्री एकदा कुंई केलं. मग नाही.

११ नोव्हेंबर

आज अंगणाच्या दुसऱ्या टोकावरून म्हटलं, घर! कान मागे टाकून धावली, पडवी ओलांडून, उंबऱ्यावरून उडी मारून, थेट पिंजऱ्यात. तोंड बाहेर करून बसली, आता द्या म्हणून. मला तर नाचावंसं वाटलं!

शेजारची देवकाबाई कुंपणावरून पाहून राहिली होती. म्हणे, माया नवरा तीस वर्षांत एका आवाजात घरात आला नाही. कोणते दाणे देते रे तू? मायला हसू आवरेना.

संध्याकाळी ग्रामपंचायतीचा वीरेंद्रभाऊ मोटरसायकल घेऊन आला, पोट्टे घेऊन. दाखव म्हणे. दाखवलं. पुन्हा म्हणे. पुन्हा दाखवलं. मोबाईलमध्ये व्हिडिओ काढला. दार लावून किती वेळ बसते विचारलं. तुम्ही चहा घ्या म्हटलं, तोवर बसते. चहा झाला, पानही झालं. लाही हूं की चूं नाही. डोळे मिटून पडली होती.

बाबूजी तिथंच होते. पहिल्यांदा पाहिलं त्यांनी नीट. पिंजऱ्याच्या कडीला हात लावून पाहिला.

१३ नोव्हेंबर

आज गावची मंडई, दिवाळीनंतरची जत्रा. बिबट्यापायी रात्रीचं नाटक दुपारी ठेवलं! राजा उन्हात घामाघूम, मिशी चिकटेना, लोक नाटकापेक्षा मिशीलाच हसून राहिले. पाहुणे आले, आत्या आली. जो आला त्याने लाहीला काहीतरी चारलं — करंजी, चकली. मंडईला आलेला कोणी उपाशी जाऊ नये, कुत्रंही नाही! दुपारपासून तिचं पोट बिघडलं.

पण ते राहू द्या. आम्ही सगळे नाटकात असताना देवकाबाईची बकरी गेली. भर उन्हात. गोठ्यातून. बोडीच्या पाळीपर्यंत ओढल्याची खूण आहे. नीतू, तिची नात, त्याच गोठ्यासमोर सायकल पुसत होती. तिने पाहिलं. तेव्हापासून बोलली नाही.

फॉरेस्टचा गार्ड येऊन गेला. उद्या पिंजरा लावणार.

१४ नोव्हेंबर

मोठा पिंजरा बोडीखाली, धानाच्या बांधाला लावला. आत मागे वेगळा कप्पा आहे, मध्ये जाड जाळी. त्या कप्प्यात कुत्रं किंवा बकरी ठेवायची. बिबट पुढच्या दाराने आत शिरला की पायाखालचा पाटा दबते अन् दार पडते. जाळीमुळे आतल्याला लागत नाही, गार्ड सांगत होता.

मी वेल्डिंग पाहिलं. चांगलं आहे. टाके पक्के आहेत, घरीही तेच सांगितलं.

बाजूच्या गावातून एक कुत्रं आणून ठेवलं.

१५ नोव्हेंबर

त्या कुत्र्याने इतक्या धडका मारल्या की पिंजरा हलला अन् दार आपोआप पडलं. बिबट आला होता. बाहेरून चक्कर मारून गेला. पंजे दिसतात चिखलात. पहाटे कुत्र्याला सोडलं तर ते थांबलंच नाही, कुठं पळालं कुणास ठाऊक.

सांजेला चावडीवर बैठक. बकरी कोणी द्यायला तयार नाही. गार्ड म्हणे, शांत बसणारं जनावर पाहिजे, मी कोणाचं मागत नाही, गावानं ठरवा. वीरेंद्रभाऊने मोबाईल काढला. व्हिडिओ लावला. घर! अन् लाही धावली. सगळे वाकून पाहून राहिले.

मग कोणी माझ्याकडे पाहिलं नाही. बाबूजीकडे पाहिलं.

बाबूजी उठून उभे राहिले अन् म्हणाले, "माया घरचं कुत्रं हाय. पिंजऱ्याची सवय हाय त्याले. घेऊन जा."

मला विचारलंही नाही! अन् चावडीवर चार लोकांसमोर दिलेला शब्द बाबूजी फिरवत नाहीत. हे सगळ्या गावाला माहीत आहे.

अन् व्हिडिओ कोणी काढू दिला? मीच. पुन्हा पुन्हा दाखवलं, मीच.

१६ नोव्हेंबर

भांडलो. जे तोंडात आलं ते बोललो. ते नुसतं कुत्रं नाही म्हटलं, त्याची किंमत तुम्हाला काय कळणार. बाबूजी विळ्याला धार लावत राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, जाळी हाय ना मध्ये? तूच सांगतलं टाके पक्के हायेत.

बॅग भरली. लाहीला जर्किनमध्ये घातलं. दुपारची गाडी धरायची, रूमचं पुढं पाहू. अंगणात आलो तर देवकाबाई उभी. ओरडायला आली असेल वाटलं. नाही. नीतूला हाताला धरून आणलं होतं. म्हणे, "शाळेत जात नाही हे. रस्ता बोडीवरूनच हाय ना बाबू. तिले एकदा हात लावू दे कुत्र्याले, मंग तू जा."

नीतूने लाहीच्या डोक्यावर बोट फिरवलं. एकच बोट. लाहीने ते चाटलं.

गाडी गेली. मी अंगणातच होतो.

१७ नोव्हेंबर, रविवार

सांजेला लाहीला मोठ्या पिंजऱ्याशी नेलं. गार्डने उचलून ठेवायचा प्रयत्न केला, तिने पाय रोवले. वीरेंद्रभाऊने केला, त्याला दात दाखवले. मग सगळे माझ्याकडे पाहून राहिले.

मी वाकलो. मायचं लुगडं कप्प्यात टाकलं. म्हटलं, घर.

तिने माझ्याकडे पाहिलं, अनोळखी पिंजऱ्याकडे पाहिलं. गेली. गोल फिरली, बसली, तोंड माझ्याकडे केलं. दाणा दिला. दाणा जाळीतून खाली पडला. तिने तो शोधून खाल्ला.

मागं न पाहता आलो. घरी मायने ताट वाढलं होतं. कोणीच जेवलं नाही, बाबूजीही नाही.

१८ नोव्हेंबर

जिवंत आहे! उजाडायच्या आत पळत गेलो. गार्डने कप्पा उघडला अन् ती माझ्या छातीवरच! ओली झाली होती दवाने. बिबट आलाच नाही. घरी आणलं, चुलीजवळ बसवलं. मायने काही म्हटलं नाही. देवाच्या समोरून गेली तरी नाही.

सेठचा फोन. आजच्या गाडीने निघ नाहीतर दुसरा पोरगा ठेवतो.

सांजेला पुन्हा नेलं. पुन्हा म्हटलं. पुन्हा गेली.

१९ नोव्हेंबर

पुन्हा जिवंत. पुन्हा बिबट नाही.

आज निघून राहिलो. सेठचं कारण आहे, पण खरं सांगायचं तर अजून एक सांज मला तो शब्द म्हणवत नाही. बाबूजीला शिकवलं. कसं वाकायचं, कोणत्या आवाजात म्हणायचं, दाणा केव्हा द्यायचा. ते निमूट शिकले. पहिल्यांदा घर म्हटलं ते इतकं जोरात की लाही माझ्या मागं लपली. मग हळू म्हटलं. गेली.

स्टेशनवर सोडायला आले नाहीत, धान कापणी चालू आहे.

२१ नोव्हेंबर

रूम. काम. मालकीण म्हणे, कुत्रं कुठं आहे? गावाला. छान झालं म्हणे.

फोन लावला तर मायने उचलला. रोज नेतात, रोज आणतात. बाबूजी तिला टोपलीत घेऊन जातात म्हणे, पायी चालू देत नाहीत. लोक हसतात.

२२ नोव्हेंबर

ग्रिलचे दोन चौकोन उलटे लावले. सेठने शिव्या घातल्या. झोप नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

मायचा फोन. बिबट पिंजऱ्यात सापडला. काल रात्रीच. सकाळी दुसऱ्या पिंजऱ्यात घेऊन गाडीने नेला. लाहीला ओरखडाही नाही. जाळी टिकली.

पण ती बाहेर निघून नाही राहिली. कप्पा उघडा आहे, ती मागच्या कोपऱ्याला चिकटून आहे. ओढून काढतो म्हणाले लोक, बाबूजीने हात लावू दिला नाही. रिकामा पिंजरा न्यायला गाडी पुन्हा आली, तीही परत पाठवली. कापणीचे मजूर वाट पाहून गेले. बाबूजी सकाळपासून बांधावर पिंजऱ्याच्या तोंडाशी बसून आहेत. जेवणही तिथंच मागवलं, अर्धी भाकर तिच्यासमोर ठेवली.

मग बाबूजीने फोन घेतला. माझ्याशी फोनवर कधी बोलत नाहीत. म्हणाले, "दुर्गेश, तू आवाज दे. तुयं ऐकते ते."

मोबाईल आत धरला असावा. तिचा श्वास येऊन राहिला, भरभर.

मी तिला एकच शब्द शिकवला आहे. तो आत जायचा आहे.

तिचं नाव घेऊन राहिलो नुसतं. लिहितानाही फोन कानालाच आहे.