टाके निघेपर्यंत

प्रिय धाकटे,

परवा फोनवर तुला ‘बरी आहे’ एवढंच म्हणून फोन ठेवला. तोंड धड उघडत नव्हतं आणि समोर तुझे भावजी कान टवकारून बसले होते. आता गालाची सूज उतरली आहे, भावजी बाजारात गेलेत आणि मी शिवणखोलीत, कापायच्या टेबलावरचं पडद्यांचं कापड एका बाजूला सारून लिहायला बसले आहे. सगळं पहिल्यापासून सांगते. मधली पानं सोडून शेवट वाचायची तुझी सवय मला ठाऊक आहे, या वेळी तसं करू नकोस.

माझी डावीकडची खालची शेवटची दाढ कधीपासून ठणकत होती, हे तुला माहीत आहे. आपले कोपऱ्यावरचे म्हातारे दातवाले मला पुरेसे होते. पण तुझे भावजी एकदम म्हणाले, त्यांच्याकडे नको, एक नवे डॉक्टर आहेत, तिकडे जाऊ. आता हा माणूस साधा दिवा घ्यायचा तर तीन दुकानं पालथी घालतो. मी विचारलं, या डॉक्टरांचं तुम्हाला कुणी सांगितलं? म्हणाले, ऑफिसातल्या एकानं. निवृत्त होऊन यांना किती काळ झाला, त्या ऑफिसात आता यांना ओळखणारा शिपाईसुद्धा उरलेला नाही. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. पण दाढेनं जीव नकोसा केला होता, म्हणून गेले.

दवाखाना म्हणजे रंगांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीतली मुलगी माझ्या आधीच्या बाईंना ‘मॅडम, बसा’ म्हणाली आणि मला म्हणाली, ‘या ताई, डॉक्टर तुमचीच वाट बघतायत.’ पहिल्यांदा येणाऱ्या पेशंटची कुठला डॉक्टर वाट बघतो? डॉक्टर उंच, जरासे पोक काढून चालणारे, कानापाशी केस पिकलेले. कोटाचं एक बटण निराळ्या रंगाच्या दोऱ्यानं लावलेलं होतं, म्हणजे स्वतःच लावलेलं. हात इतका वेळ धूत होते की मला वाटलं, मला पाहून घाबरलेत की काय. मग खुर्ची मागे कलती करताना अगदी सहज म्हणाले, ‘दार उघडंच ठेवतो, ताई. बंद खोलीत तुम्हाला गुदमरतं ना.’ मी तर अजून एक शब्द बोलले नव्हते. लहानपणी माळ्यावर आपण दोघी अडकलो होतो, तेव्हापासूनचं ते माझं भय. तू सोडलीस तर ते फक्त भावजींना माहीत आहे. मी त्यांच्याकडे पाहिलं, तर ते भिंतीवरचा हिरड्यांच्या रोगांचा तक्ता वर्तमानपत्रासारखा वाचत होते.

इंजेक्शननंतर अर्धा ओठ दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा जड झाला. दुखलं नाही, खोटं कशाला सांगू. पण तो आवाज. जुन्या कपाटाचं फुगलेलं दार कुणी ढकलून उघडावं, तशी करकर थेट डोक्यात. मध्येच डॉक्टर थांबले, पुन्हा एक्स-रे काढला आणि म्हणाले, ‘मूळ वाकडं आहे, दाढेचे दोन तुकडे करून काढावी लागेल.’ आणि हे करता करता त्यांचं बोलणं सुरू झालं. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली. आई शेवटपर्यंत त्यांच्याजवळच होती. स्वयंपाक स्वतः करतात, भांडीही स्वतःच घासतात. व्यसन म्हणाल तर जुनी गाणी गुणगुणायचं, तेही बेसूर. माझ्या तोंडात लाळ ओढणारी नळी, दोन बोटं आणि लोखंडाचं काहीतरी. मी काय बोलणार? पण डोकं चालत होतं. दुकानदार फार बोलायला लागला की मी आधी कापड उजेडात धरून बघते. मला वाटलं, आत काहीतरी बिनसलंय आणि हे गृहस्थ बोलण्यानं ते झाकतायत. शेवटी टाके घातले, स्टीलच्या ताटलीत दाढेचे दोन्ही तुकडे जुळवून मला दाखवले आणि एक टोक चिमट्यानं वेगळं करून म्हणाले, ‘हे मोडून आत राहिलं होतं, तेही काढलंय.’ विचारल्याशिवाय कोण असं सांगतं? मला ते जास्तच खटकलं.

घरी आले ती गॉजची घडी दाढेच्या जागी दाबून. थुंकायचं नाही, गरम नाही, नळीनं काही ओढायचं नाही. दुसऱ्या दिवशी गालात कापसाचा गोळा कोंबल्यासारखं तोंड झालं. बर्फाची पिशवी लावायची, कोमट मीठपाण्यानं हळूच चूळ भरायची आणि गार सूप, नाहीतर मऊ भात गिळायचा. तोंड एक बोट आत जाईल एवढंच उघडायचं. आणि डॉक्टरांचा फोन रोज सकाळ-संध्याकाळ, तोही माझ्या नाही, भावजींच्या फोनवर. भावजी फोन घेऊन बाल्कनीत जायचे आणि काचेचं दार ओढून घ्यायचे. एकदा दार नीट लागलं नव्हतं. मी टॉवेल वाळत घालायला गेले आणि माझ्या कानांवर आलं, ‘नाही, तिला अजून काही कळलेलं नाही. टाके निघू देत, मग सांगू. धाकटीला मी कळवतो.’

क्षणात सगळं जुळलं. नवा डॉक्टर, दुसरा एक्स-रे, मोडलेलं ते टोक. ते तपासायला पाठवलं असणार आणि जे निघालं ते मला सोडून सगळ्यांना ठाऊक. संध्याकाळी तुझा फोन आला, तर तू ‘दुखतंय का’ विचारायच्या आधी ‘डॉक्टर कसे आहेत’ विचारलंस. म्हणजे तूही त्यांना सामील.

मग मी आवराआवर केली. रडले नाही, रडताना गाल ओढला जातो. नाट्यगृहाच्या मोठ्या पडद्याची खालची दुमड राहिली होती, ती माझ्याकडे शिवणाऱ्या मुलींतल्या थोरलीला समजावून दिली आणि आईचं शिवणयंत्रही तिलाच द्यायचं मनात ठरवलं. गाल दुखतो या सबबीवर भावजींना कपडे धुवायचं मशीन लावायला शिकवलं. ते खूश होते, बायको निवळली म्हणून. मी मात्र आरशात बॅटरी धरून तोंडातले टाके बघायची. काळा दोरा, सारखं अंतर, गाठी एका बाजूला नीट बसवलेल्या. काम चोख होतं. अशा माणसाला खोटं बोलायची पाळी यावी, याचंच वाईट वाटायचं.

टाके काढायच्या दिवशी शेवटचा दोरा निघाला तशी मी खुर्चीत ताठ बसले आणि म्हटलं, ‘डॉक्टर, आता खरं सांगा. माझ्याकडे किती दिवस आहेत?’ ते म्हणाले, ‘कशाला?’ मी म्हटलं, ‘तो तुकडा तपासायला पाठवलात ना? मी बाल्कनीतलं बोलणं ऐकलंय.’ त्यांच्या हातातली कात्री ताटलीत पडली. त्यांनी भावजींकडे पाहिलं. भावजींनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, ‘सांगून टाका हो आता. हे लपवणं माझ्याच्यानं होत नाही.’ डॉक्टर फिरत्या स्टुलावर बसले आणि कोटाचं ते बटण चाचपत म्हणाले, ‘ताई, तुम्हाला काहीही झालेलं नाही. दाढ होती, ती गेली. झालंय ते मला.’ आणि मग त्यांनी तुझं नाव घेतलं.

दर शनिवारी ते शिकवायला जातात ते कॉलेज तुझंच, आणि पुस्तकं घ्यायला जातात ती लायब्ररीही तू सांभाळतेस तीच, हे मला तिथे त्या खुर्चीत कळलं. त्यांनी तुला लग्नाचं विचारलं आणि तू म्हणालीस की ताईनं बघितल्याशिवाय उत्तर देणार नाही. वर ही अटही तुझीच, की तिला आधी सांगायचं नाही, नाहीतर ती तुमच्या पणजोबांपर्यंत सगळ्यांत खोट काढेल. भावजींनी त्यात भर घातली होती, ‘तोंड उघडं असतानाच सगळं सांगून घ्या, मध्ये बोलणार नाही ती.’ मला आधी राग आला, मग हसू आलं. गाल धरून हसले. बाहेरचे पेशंट आत डोकावून गेले.

तर हे पत्र दाढेची हकिकत कळवायला लिहिलेलं नाही. तुला सोडून गेला त्या माणसाबद्दल मी तुझ्या लग्नाआधीच सावध केलं होतं, तेव्हा कुणी ऐकलं नाही. तेव्हापासून तू भाड्याची खोली घेतानासुद्धा मला विचारतेस, आणि मलाही ते आवडत आलंय. पण आपण आता जाणार असं धरून बसले होते, तेव्हा यंत्राची, पडद्यांची, भावजींची, सगळ्यांची सोय मनातल्या मनात लावून झाली. तुझी कुठेच लागेना. माझ्यामागे तू कुणाला विचारशील, हे एकच डोक्यात घोळत होतं. डॉक्टर शनिवारी नेहमीसारखे येतील. मला कळलंय हे तुला सांगू नका, असं मीच त्यांना बजावलंय. पत्र त्याआधी तुझ्या हातात पडेल. ते चांगले आहेत का, मला माहीत नाही. माझी त्यांच्याशी ओळख झाली तीच तोंड उघडं ठेवून. पण तू माझ्या होकारासाठी थांबू नकोस. तुला ते हवे असतील तर हो म्हण. संशय घ्यायचं काम माझ्याकडे राहू दे, ते मी दोघींच्या वाटचं करीन.

तुझीच,
अजून एकाच बाजूनं चावणारी
ताई