लेकीच्या घरचं पाणी

बाबा, आज एक चित्र पाहिलं. डब्लिनबाहेर ल्यूकनला घरी येऊन आल्याचा चहा घेतला, तरी तोंडाला चव नाही. रविवार म्हणून आम्ही दोघं नवराबायको एका जुन्या हवेलीतली चित्रं बघायला गेलो होतो. तिथे कोपऱ्यात हे, शेकडो वर्षांपूर्वीचं, काळपट. उपाशी मारायला तुरुंगात टाकलेला एक रोमन म्हातारा, आणि भेटीला आलेली त्याची लेक त्याला चोरून स्वतःचं दूध पाजतेय. बापाला! दाढी ओली, मानेच्या शिरा ताणलेल्या. शी! चित्रं दाखवणाऱ्या पांढऱ्या केसांच्या बाई म्हणाल्या, "इजन्ट शी ओन्ली गॉर्जस? सच अ गुड डॉटर!" मी तोंड फिरवलं. "अगं, सिम्बॉलिक आहे ते यार," हा म्हणाला. "मग लाव आपल्या हॉलमध्ये," मी म्हटलं. तो कॅफेकडे वळला.

आणि तुम्ही आठवलात, बाबा. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, हा तुमचा नेम. डब्लिनला आलात ते नागपुरातून तांदूळ-डाळ बांधून. इथे स्वयंपाकघरातल्या कपाटाला प्रेस म्हणतात, त्यातला एक खण तुम्ही स्वतःसाठी मागून घेतलात. छोट्या कुकरात आपली खिचडी लावायचात, पाण्याच्या बाटल्याही दुकानातून स्वतः आणायचात. मी भरीत केलं, ताट वाढलं. तुम्ही हसून म्हणालात, "पोरीच्या घरचं खात नाही वं आपल्यात. नातू होऊ दे, मग पाह्य कसा जेवतो!" नातू झाला नाही. ते ताट मी ओल्या कचऱ्याच्या ब्राउन बिनमध्ये ओतलं, आणि त्या नेमाची मला मनापासून घाण वाटली.

तुमच्या शेवटच्या आजारात, नागपूरच्या दवाखान्यात, पेज मी करून आणली होती. भावाच्या घरी, तुमच्याच गॅसवर. चमचा पुढे केला तर तुम्ही ओठ घट्ट मिटलेत आणि वहिनीकडे बोट दाखवलंत. तिच्या हातून तीच पेज प्यायलात. मी कॉरिडॉरमध्ये जाऊन उभी राहिले. माझ्या हाताला काय लागलं होतं, बाबा?

आता तुम्हीच नाही, हे पत्र कुठे पाठवणार? जाईल उद्या रद्दीत. पण एक सांगते. निघताना, "पर्स राहिली" म्हणून मी एकटीच पुन्हा त्या चित्रापाशी गेले. किळस येत होती, तरी बघत उभी राहिले. त्या म्हाताऱ्यानं तोंड उघडलं होतं.