जनरेटरचा धूर

सोलापूर, शुक्रवार, मे १९७४

आज सुमनचा, माझ्या लेकीचा, साखरपुडा. वीज जाते म्हणून भाड्यानं जनरेटर आणला. दिवे आणि दोन पंखे एवढाच भार तो पेलतो, हे नीट विचारून घेतलं. धूर कुठं जाईल, हे मनातसुद्धा आलं नाही.

दुधनीचे व्याही म्हणाले, "या आवाजात बोलणं ऐकू येईना की." मी लगेच जनरेटर अंगणातून उचलून स्वयंपाकघरामागच्या खोलीत ठेवला आणि बाहेरचं दार लावलं. मधलं दार उघडंच होतं, पलीकडे स्वयंपाकघरात वहिनी पुऱ्या तळत होत्या.

"भावजी, डोकं लई दुखतंय."

"थोडंच राहिलंय, वहिनी." असं का म्हणालो मी?

थोड्या वेळात त्या चुलीपाशीच कोसळल्या. कढईत पडल्या असत्या तर? इंजिन बंद केलं, त्यांना अंगणात आणून वारा घातला. व्याही धावत आले. मी म्हणालो, "उकाड्यानं चक्कर आली." सोयरीक मोडेल ही भीती, की नुसती माझी अब्रू?

वहिनींनी डोळे उघडले. आधी माझ्याकडे बघितलं, मग व्याह्यांना म्हणाल्या, "व्हय, उकाडा लई हाय."

डॉक्टरांना मात्र खरं सांगितलं, तेही हळू आवाजात. वहिनी आता बऱ्या आहेत. डोकं दुखतंय म्हणाल्या होत्या त्या, स्पष्ट. मी अजून त्यांच्यासमोर गेलेलो नाही.